चाळीस हजारांत

फोडायचं काही नाही, मी आधीच सांगितलं.
ना ओटा, ना फरशी, ना बाथरूमची ती फिकट हिरवी टाइल
जी सिडकोनं अख्ख्या नेरूळला
एकाच दिवशी वाटली असावी.
बिल्डिंग आज ना उद्या पाडणारच आहेत.
हा ‘उद्या’ गेली अकरा वर्षं
सोसायटीच्या सभेला येतो, चहा घेतो,
सह्या मोजतो, दोन कमी भरतात,
आणि जातो.

कुरुपसाहेब म्हणाले, मॅडम, आता कशाला खर्च?
मी म्हटलं, तुम्ही रोज दाढी कशाला करता?

मग जोखन आला, शिडी आणि खरवडणी घेऊन.
छताचं पोट सुटलं होतं तिथं
त्यानं बोटांनी वाजवून पाहिलं,
डॉक्टर छाती वाजवतात तसं, कान लावून.
पोकळ तेवढंच काढलं.
आत सळई फुगलेली, खाडीच्या वाऱ्यानं तांबडी झालेली.
तिला तारेच्या ब्रशनं घासलं, औषधाचा हात दिला,
वाळू दिलं, मगच झाकलं.
पोकळ तेवढंच काढायचं!
मी माझ्या संसारात सरसकट घण घातला होता.
असो. छताबद्दल बोलत होते.

कपाटांची दारं तीच, बिजागऱ्या नव्या.
सोफ्याला मोहरी रंगाचं कापड, वाशीच्या सेलमधलं,
एका बाजूला चार बोटं कमी पडलं, ती बाजू भिंतीकडे.
पंख्याला कपॅसिटर, रुपये सत्तर.
(सत्तर रुपयांपायी मी सात उन्हाळे घामात काढले,
हे कुणाला सांगू नका.)
आणि मोझॅइकवर मशीन फिरलं तेव्हा
खालून विटकरी, काळे, शिंपल्यासारखे पांढरे ठिपके वर आले.
मी इतकी वर्षं
त्या फरशीला राखाडी म्हणत होते.

शेवटी साडेसहाशे उरले.
मुनाफ वायरमन दारात उभा राहून म्हणाला,
बेलपण करून टाकू?

बेल नऊ वर्षं मेलेली.
तिच्यावाचून काही अडलं नव्हतं, खरं तर.
सिलिंडरवाला पान्यानं ठोकायचा, दोनदा, घाईत.
कुरुपसाहेब अंगठीनं, एकदाच, माफी मागितल्यासारखं.
भाची चपलेच्या टोकानं, कारण हात कायम भरलेले.
शिरवण्याची पाटलीणबाई बांगडीनं,
आणि आधी जिन्यातूनच हाक: बाय गो!
स्वयंपाकघरातूनच मला कळायचं
गॅस बारीक करायचा की बंद,
केस बांधायचे की राहू द्यायचे.

केली बेल. पांढरं बटण, त्यात इवला लाल दिवा.
कुरुपसाहेब आले. टिंग टाँग.
कुरिअर आलं. टिंग टाँग.
भाची आली, कोपरानं बटण दाबून. टिंग टाँग.
तीन दिवस मी प्रत्येक वेळी
गॅस बंद करून, केस बांधून
दाराशी जाऊन विचारत होते, कोण?
आपल्याच घरात, नव्या रंगाच्या वासात,
पाहुणी आल्यासारखी.

चौथ्या दिवशी दहाच्या सुमाराला
लाकडावर बांगडी.
दार उघडलं. पाटी जिन्यावर टेकवलेली,
ती पदरानं मान पुसत होती.
म्हटलं, बेल केलीय की आता.
बोटं माझ्यापुढे पसरून म्हणाली,
हाताला खवलां हान गो,
तुजा नवा बटन खराब होल.

बोंबील घेतले, वाटा शंभरचा, वर दोन जास्त.
ती गेल्यावर पाहिलं तर
कडीच्या जरा वर, जोखनच्या ताज्या रंगावर
एक खवलं चिकटलेलं,
जिन्यातल्या उजेडात चकाकतंय.
ओल्या फडक्यानं निघेल सहज.
फडकं आतच आहे.